माड नसलेला किनारा

कसबा बावड्याकडे निघालेल्या केएमटीतून ‘लाईन बाजार’ला उतरा. रोज शेकडो माणसं उतरतात, पण कसली लाईन आणि कुणाचा बाजार हे विचारायला सवड कुणाला आहे? ही लाईन पलटणीची. शिपाई ज्या ओळींत राहायचे त्या लैनी, आणि त्यांच्या पिठामिठासाठी, तंबाखूसाठी, शिंप्या-न्हाव्यासाठी बसलेला तो बाजार. पलटण गेली, नाव तेवढं पाटीवर राहिलं.

आता रस्त्याच्या कडेला उभं राहून समोरचं एकेक काढून टाका. आधी विजेच्या तारा. मग दुकानांच्या पाट्या, वडाप, दुचाक्या. मग डांबर. सिमेंटच्या इमारती काढल्यात की बरंच मोकळं दिसायला लागेल. उरेल तो चिखल, बाभळी, गवती छपरांच्या झोपड्यांच्या सरळ रांगा, पलीकडे गोऱ्यांचे चार बंगले, आणि खाली फुगलेल्या पंचगंगेचा न थांबणारा घोगरा आवाज. तारीख ३१ जुलै १८५७. श्रावण. नागपंचमी होऊन पाच-सहा दिवस झालेत, नारळी पौर्णिमा तोंडावर आलीय.

आणखी एक सांगून ठेवतो. आतापर्यंत मी तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणत होतो. ही लाईन ओलांडली की ते संपलं. पलटणीत शिपायाला ‘तुम्ही’ म्हणणारं कुणी नसतं. आई ‘तू’ म्हणते ते वेगळं, हवालदार म्हणतो ते वेगळं, आणि विशीतला गोरा पोर मोडक्या हिंदुस्थानीत ‘टुम’ म्हणतो ते तर आणखीनच वेगळं. तर ये.

तू सत्ताविसाव्या मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीचा शिपाई आहेस. महिना सात रुपये. गाव सावंतवाडी संस्थानात, घाटाखाली. लाल डगला, पांढरे पट्टे, आणि पाऊस लागला की जड होऊन खांद्याला काचणारी बंदूक. तुझ्या रांगेत डाव्या हाताला रत्नागिरीकडचा मराठा, उजव्या हाताला अवधकडचा परदेशी, मागे कुलाब्याकडचा महार, आणि पुढच्या कंपनीत बेने इस्राएल. बंगालच्या फौजेत जातीजातीच्या वेगळ्या चुली असतात म्हणे; मुंबईच्या फौजेत एकाच रांगेत उभं राहावं लागतं. मुंबईवाल्या साहेबांना याचा फार अभिमान. बंगालच्या पलटणी उठल्या तरी आमच्या उठायच्या नाहीत, असं त्यांना मनापासून वाटतं.

तुझ्या मनात काय चाललंय ते मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नाही. तुझा बाप मनोहरगडाचा गडकरी होता. गडाखालची जमीन, गडावरचा पहारा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चाकरी. १८४४ साली कोल्हापूरकडच्या सामानगडावर आणि भुदरगडावर गडकरी उठले, वणवा सावंतवाडीपर्यंत आला, आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला इंग्रजांनी मनोहरगड घेतला. तुझ्या लहानपणी घरात एक शब्द वारंवार कानावर यायचा: ‘गेलां’. जमीन गेली, मान गेला, गड गेला. मग तू मोठा झालास आणि ज्यांनी नेलं त्यांचीच सात रुपयांची चाकरी धरलीस. यात कुणाला विसंगती दिसत असेल तर त्यानं पावसाळ्यात रिकाम्या कणगीसमोर बसून बघावं.

दोन महिने लैनीत कुजबुज आहे. मेरठ, दिल्ली, काडतुसं. बेळगावला एकोणतिसावी पलटण, धारवाडला अठ्ठाविसावी. त्यांच्यात आणि तुमच्यात निरोपांची ये-जा चालू आहे. तुला सगळं कळत नाही, पण चुलीपाशी कोण कुणाच्या कानाला लागतं हे दिसतं. रामजी शिरसाट हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. तो पुढे होणार, एवढं माहीत आहे. कधी, ते नाही.

रात्र झाली. झड लागलीय. ढगामागे चंद्र आहे, पण त्याचा उपयोग फक्त काळोख जरा राखाडी करण्यापुरता. तू अंथरुणावर पडलायस, छपरातून एक धार नेमकी पायाशी गळतेय, आणि तू पाय आखडून घेतोयस. अशा वेळी पहिली गोळी वाजते.

इथे मी घाई करणार आहे, कारण तुलाही त्या रात्रीतलं सलग काही आठवणार नाही. लैनीतून माणसं बाहेर पडतात. दोनेकशे असतील. बंगल्यांच्या दिशेनं बंदुका चालतात. एका जमादाराच्या सांगाव्यामुळे मडमा वेळेवर निसटून रेसिडेन्सीत पोचलेल्या असतात. बंगले रिकामे सापडतात. खजिना फुटतो. चिखलात सांडलेले रुपये अंधारात पायाखाली सरकतात तेव्हा मासळीसारखे गुळगुळीत लागतात. कुणीतरी ओरडतो, शहराकडे! तूही धावतोस. कोल्हापूरला तट आहे, सहा वेशी आहेत, आत महाराज आहेत. वेस उघडली की सगळं शहर आपलं, असा एकूण हिशेब.

वेस बंद असते.

तू हातानं ती चाचपतोस. पावसानं भिजलेलं सागवान, त्यावर मुठीएवढे लोखंडी खिळे, थंडगार. आतून हालचाल ऐकू येते, माणसं आहेत, पण कोणी उघडत नाही. सत्तावन्नचे इतिहास लिहिताना या बंद वेशीबद्दल पुष्कळांनी पुष्कळ तर्क लढवलेत. तिथे चिखलात उभं राहिलेल्या माणसाला मात्र एकच गोष्ट कळते: आता सकाळ होणार, आणि आपण बाहेर.

तिथून वाटा फुटतात. काहीजण शहरालगतच्या पागेत शिरून दारं लावून घेतात. त्यांचं काय झालं ते तुला पुढे कैदेत कळेल: साताऱ्याहून लेफ्टनंट कर सदर्न मराठा हॉर्सचे पन्नासेक स्वार घेऊन भर पावसात, नद्यांना पूर असताना, सुमारे पंचाहत्तर मैल दौडत आला, पागेचं दार फोडून आत घुसला, आणि आतले मारले गेले, जखमी झाले किंवा धरले गेले. कर याला त्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दार फोडणारे स्वार आणि दारामागचे शिपाई एकाच भाषेत ओरडत होते, ही गोष्ट पदकाच्या कागदात येत नाही.

तू पागेत शिरत नाहीस. तू घाटाची वाट धरतोस, कारण घाटाखाली घर आहे. एवढंच कारण. बंडाचा म्हणून जो काही बेत असतो तो तुझ्यापुरता वेशीपाशीच संपलेला असतो.

फोंड्याच्या घाटाकडे जाणारं ते रान ऐन श्रावणात बघितलेल्यालाच कळेल. वर पान, खाली पान, मध्ये धुकं. जळवा पायातून वर चढतात आणि तू त्या काढायचंही सोडून देतोस. कोणी दहाच्या घोळक्यात, कोणी तिघं, कोणी एकटा. या रानातल्या वाटांवर तीन तरणे अधिकारीही भटकत होते: नॉरिस, हीथफील्ड आणि स्टब्ज. रात्री पळून निघाले, वाट चुकले, बंडवाल्यांच्या हाती लागले आणि मारले गेले. तू तिथे नव्हतास. पण तू ज्यांच्याबरोबर निघालास त्यांनीच ते केलं, आणि पुढे कोर्टात तुझ्या बाजूनं बोलायला याहून वाईट गोष्ट दुसरी नव्हती. पोरं होती. मिसरूड फुटलेली. हे इथे लिहायला हवं, नाहीतर ही गोष्ट फक्त आपल्या सोयीची होईल.

उताराला लागलास तेव्हा खालून वाऱ्याबरोबर कोकणाचा वास आला: ओली माती, कुजकी पानं, आणि त्यातच कुठेतरी खाऱ्याची एक रेष. दोन दिवसांची चाल उरली होती. तेवढ्यात तुला धरलं.

कोल्हापुरात परत आणलं तेव्हा एक ओळखीचा माणूस आलेला होता. जॉर्ज ले ग्रँड जेकब. तुझ्या गावाला हे नाव चांगलं पाठ आहे, कारण गडकऱ्यांचं बंड मोडल्यावर सावंतवाडीचा कारभार बघायला यालाच बसवलं होतं. १८४५ पासून पाच-सहा वर्षं तो तिथेच होता. नुकताच इराणच्या मोहिमेवरून परतलेला, कामाला कडक. याच जेकबनं कधीकाळी गिरनारच्या खडकावरच्या अशोकाच्या लेखाचे ठसे काळजीपूर्वक उतरवून घेतले होते. विद्वान माणूस. १८ ऑगस्टला त्यानं उरलेल्या पलटणीला परेडवर उभं केलं, गोरी फौज आणि तोफा समोर ठेवल्या, आणि हत्यारं खाली ठेवायला लावली. बंदुका एकेक करून चिखलात आडव्या झाल्या. मग लष्करी कोर्ट. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी.

तोफेच्या तोंडी दिलेल्या माणसाबद्दल मी लिहिणार नाही. तू ते पाहिलंस, कारण पाहायला उभं केलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस तुला मांसाचा वास कुठेही येई, अगदी भाकरीलासुद्धा.

तुझी पाळी आली तेव्हा दुभाष्यानं शिक्षा सांगितली: जन्मभर काळं पाणी.

आता इथे जरा थांबून विचार करण्यासारखं आहे. काळं पाणी ही शिक्षा ज्यांनी योजली त्यांच्या डोळ्यांसमोर पूर्वेकडचा उच्चवर्णी शिपाई होता. समुद्र ओलांडला की जात गेली, म्हणून फाशीपेक्षा तो त्याला जास्त भिईल, असं सरकारी गणित. पण तू? तुझ्या गावची माणसं खाडीवर होडी वल्हवत लहानाची मोठी झालेली. मुंबईची फौज तर भरती होतानाच जहाजावर चढायचं कबूल करायची; त्याच वर्षी इराणात बुशहरला मुंबईच्या पलटणी समुद्रावरूनच गेल्या होत्या. खाऱ्या पाण्यानं तुझी जात जाणार नव्हती. तुला भय पाण्याचं नव्हतंच. दुभाष्यानं ‘जन्मभर’ म्हटलं, त्या शब्दाचं होतं. गणित चुकलं होतं, पण उत्तर बरोबर आलं.

मधले महिने ठाण्याच्या तुरुंगात. खाडीकाठचा जुना किल्ला, त्याच्या भिंतींत कैदी. इथूनच मुंबई इलाख्यातले जन्मठेपेचे कैदी पूर्वी सिंगापूरला, मलाक्क्याला, पेनांगला जायचे. दंडाबेडीची सवय व्हायला दीड महिना लागतो. आधी घोट्यावर फोड, मग जखम, मग जखमेवर कातडं, मग कातड्यावर घट्टा. घट्टा पडला की झोपेत कूस बदलताना जाग येत नाही. चिंधी गुंडाळायची ती कोणत्या बाजूनं, हे एक जुना दरोडेखोर शिकवतो. तो तुला ‘शिपाईबुवा’ म्हणतो. पलटणीतल्या साऱ्या वर्षांत मिळाला नसेल एवढा मान त्या दोन शब्दांत आहे, आणि देणारा कोण, तर एक दरोडेखोर.

बातम्या येतात. डिसेंबरात कोल्हापूर पुन्हा उठलं. आता वेशी आतून बंद झाल्या, आणि जेकबनं तोफा लावून त्या उघडल्या. म्हणजे तू ज्या दारावर थापा मारल्यास ते चार महिने उशिरा तुझ्या बाजूला आलं. महाराजांचे धाकटे भाऊ चिमासाहेब पकडले गेले. त्यांनाही समुद्रावरूनच नेलं, कराचीला. ते परत आले नाहीत. १८६९ साली तिथेच वारले. कोल्हापुरात त्यांच्या नावाचा चौक आहे. तुझ्या नावाचं काही नाही, पण लाईन बाजार आहे, तेव्हा तक्रार नको.

आणि आणखी एक. तुझ्या पलटणीचा नंबरही गेला. दिल्लीच्या वेढ्यात इंग्रजांच्या बाजूनं लढलेल्या बलुची बटालियनला १८५८ मध्ये मुंबईच्या फौजेच्या नियमित पलटणींत घेतलं आणि सत्तावीस हा आकडा तिला दिला. खुंटीवरचा एकाचा डगला उतरवून दुसऱ्याला चढवावा तसा.

जहाज. तळातल्या कोठडीत रांगेनं बसवलेले कैदी, बेड्यांमधून ओवलेली लांब साखळी. एकाला शौचाला जायचं तर साऱ्या रांगेला हलावं लागतं, म्हणून माणसं जेवण कमी करतात. पोहे, भाजलेले चणे, मोजून पाणी. मुंबई सुटल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या रात्री तुझ्या शेजारचा एकदम ताठ बसतो. ‘वेंगुर्ला,’ म्हणतो. कसं कळलं? वरचं झाकण बंद आहे, उजेडाचा कण नाही. ‘वारो मतलो,’ म्हणतो. तो वेंगुर्ल्याकडचाच होता, तांडेलाचा मुलगा, कुठल्याशा मारामारीत खून पडला म्हणून आलेला. मग त्यानं विचारलं, ‘तुझो गाव खंयचो?’ आणि तू सांगितलंस. ठाण्यात तुझी जन्मठेप लिहून घेणाऱ्या कारकुनानंही गाव विचारलं होतं. पण तो प्रश्न निराळा, हा निराळा.

मग लंकेला वळसा, मग नुसतं पाणी.

किनारा दिसतो तेव्हा पहाट आहे, आणि तुझ्या छातीत धस्स होतं. हे तर घर! पाण्यापर्यंत उतरलेली गर्द झाडी, तांबूस माती, खाडीसारखं आत शिरलेलं पाणी, डोंगरावर टेकलेला ढग. वेंगुर्लेकर आणि तू एकमेकांकडे बघता. कोणी सांगितलं असतं की हे देवगड, तर क्षणभर विश्वास बसला असता. मग काहीतरी खटकतं. किनाऱ्याची रेघ कुठून कुठवर बघितलीस तरी कळत नाही काय चुकलंय. शेवटी वेंगुर्लेकर म्हणतो, ‘माड खंय?’

माड नाहीत. एकही नाही. एवढा किनारा, एवढा पाऊस, एवढी रेती, आणि नारळाचं एक झाड नाही. अंदमानच्या या बाजूला तेव्हा माड नव्हतेच; ते पुढे माणसांनी लावले. कोकणातल्या माणसाच्या दृष्टीनं समुद्रकाठी माड नाही म्हणजे जवळपास माणूसच नाही.

माणसं होती. हजारो वर्षांपासून होती. त्यांना नारळाची गरज नव्हती आणि तुमचीही.

इथली वसाहत नवी कोरी. सत्तरेक वर्षांपूर्वी मुंबईच्या नौदलातल्या आर्चिबाल्ड ब्लेअरनं इथे एकदा ठाणं वसवलं होतं, ते रोगराईपायी १७९६ मध्ये मोडलं. सत्तावन्ननं तुरुंग भरून वाहायला लागले तेव्हा सरकारला ते बेट पुन्हा आठवलं. २२ जानेवारी १८५८ ला निशाण लावलं, आणि १० मार्चला डॉक्टर वॉकर कलकत्त्याहून पहिले दोनशे कैदी घेऊन उतरला. हा वॉकर आग्र्याच्या तुरुंगाचा अधिकारी होता. चाथम नावाच्या इवल्या बेटावर आधी झाडी तोडली, पाणी पुरेना म्हणून मग रॉस बेटावर मुक्काम. तू पोचतोस तेव्हा आधीचे कैदी तुला सगळं सांगतात, आणि सांगताना आवाज इतका सपाट ठेवतात, जणू बाजारभाव सांगतायत.

१६ जूनपर्यंतचा हिशेब असा. आले ७७३. दवाखान्यात मेले ६४. पळाले ते परत सापडले नाहीत असे १४०. एकानं जीव दिला. पळून धरले गेले म्हणून फाशी ८७. शिल्लक ४८१. बेरीज-वजाबाकी बिनचूक जुळते. कारकून चांगला होता. फाशीच्या आकड्यानं कलकत्त्याचं सरकारही चपापलं आणि वॉकरला थांबायला सांगितलं. तो कैद्यांना मारत होता याचं वाईट वाटलं की मजूर कमी होत होते याचं, हे त्या कागदांवरून ज्याचं त्यानं ठरवावं.

पळायचं कुठे? इथे एक वेडी गोष्ट पसरली होती. झाडीपलीकडे जमीन सलग आहे, दहा दिवस चाललं की ब्रह्मदेश लागतो, तिथला राजा हिंदुस्थानी शिपायांना चाकरीला ठेवतो. बेट म्हणजे काय हे गंगेकाठच्या माणसाला कोण सांगणार? तू सांगू शकला असतास. भरती-ओहोटी बघून, पाण्याची ओढ बघून तुला आणि वेंगुर्लेकराला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं की हे सगळीकडून पाण्यात आहे. पण तू कोणाला बोलला नाहीस. रात्री चुलीपाशी ‘बर्मा का राजा’ सुरू झालं की माणसांच्या तोंडावर जो उजेड यायचा, तो विझवायची तुला छाती झाली नाही.

दिवस असा. पहाटे हजेरी. आता तू नंबर आहेस. तुला ‘तू’ म्हणायचीही कोणाला गरज नाही. आकडा पुकारतात आणि तू ‘हाजिर’ म्हणतोस. पुढे गळ्यात लोखंडी कड्याला अडकवलेला लाकडी बिल्ला येतो. मग कुऱ्हाड. इथली झाडं तोडायची म्हणजे आधी त्यांच्या अंगावरच्या वेली तोडायच्या, वेली तोडल्या तरी झाड पडत नाही, कारण वर दहा झाडं एकमेकांना धरून उभी असतात. सबंध दिवस घाव घालून बुंधा सुटा होतो आणि झाड तसंच लटकत राहतं. मजुरी रोज एक आणा नऊ पै, त्यातच खायचं, त्यातच कपडा. महिन्याचे सव्वातीन रुपये होतात. पलटणीत असताना सात पुरत नाहीत म्हणून कुरकुर करायचास ना?

पाऊस मेच्या मध्यावर येतो, कोकणापेक्षा तीनेक आठवडे आधी, आणि जायचं नाव घेत नाही. पायाची बारीक जखमही चिघळते. माणूस जखमेनं नाही तर तिच्यावर बसलेल्या पावसानं मरतो.

नोव्हेंबर १८५८ मध्ये राणीचा जाहीरनामा निघाला, माफीचा. तो हत्यारं घेऊन अजून रानात असलेल्यांसाठी. तुझं हत्यार तर कोल्हापूरच्या चिखलातच गेलं. जे शेवटपर्यंत लढत राहिले त्यांना घरी जायची वाट मिळू शकत होती. तू आधीच सापडलास, म्हणून तुला नाही.

आता १४ एप्रिल १८५९ चा दिवस. ऊन तापलंय. तुमची टोळी किनाऱ्यालगत झाडी साफ करतेय. अचानक रानातून माणसं बाहेर येतात. दहा नाहीत, शंभर नाहीत, शेकड्यांनी. उंचीला कमी, अंगानं काळीभोर, हातात धनुष्यं. बाण सुटतात. टोळीवरचे मुकादम, त्यांच्या डोक्याला लाल पागोटं आणि अंगावर पट्टा, पहिल्यांदा तेच पडतात. तू पळायला बघतोस, पण बेडीनं पळता येत नाही. उड्या मारत जावं लागतं, आणि तू तोंडावर आपटतोस. डोळे मिटून बाणाची वाट बघतोस.

बाण येत नाही. वर बघतोस तर एक जण उभा. तो तुझ्या पायाकडे बघतोय. बेडीकडे. मग तो तुला हात करतो: ऊठ. ज्यांच्या पायात बेड्या आहेत त्यांना ही माणसं मारत नाहीत, बाजूला बोलावतात, आणि, हे मी रचून सांगत नाही, सरकारी कागदांतच आहे, त्यांना आपल्याबरोबर नाचायला लावतात. वाळूवर पाय आपटत गोल. तू नाचतोस. भीतीनं सगळेच नाचतात. तुझी बेडी दर पावलाला खणखणते आणि तो शेजारचा त्या आवाजाकडे कान देऊन हसतो. गावी शिमग्याला तू असाच नाचायचास, पायात चाळ बांधून.

पाऊण-एक वर्षात तुझ्याशी कोणी इतकं नीट वागलं नव्हतं. त्यांना न तुझी भाषा, न तुझा नंबर. लोखंड पायात कोणाच्या आणि पागोटं डोक्याला कोणाच्या, एवढं त्यांनी पाहिलं आणि तेवढ्यावरून सगळं ओळखलं.

पुढच्या महिन्यात, १७ मेला ती माणसं पुन्हा आली, ॲबरडीनच्या ठाण्यावर. या खेपेला तोफा तयार होत्या. कारण चौदाव्या बंगाल पलटणीचा एक शिपाई, दूधनाथ तिवारी, कैदी नंबर २७६, वर्षभरापूर्वी पळून त्यांच्यात राहिला होता, त्यांनी त्याला वाचवलं होतं, त्यांच्यातल्या बायका त्यानं केल्या होत्या. तो हल्ल्याआधी परत येऊन सगळा बेत सांगून गेला. त्याला पूर्ण माफी मिळाली. तो घरी गेला. तुम्हा सगळ्यांत घरी गेलेला तुला ठाऊक असलेला तो एकटा. चुलीपाशी त्याचं नाव निघालं की कुणी थुंकायचं, कुणी गप्प बसायचं. तू गप्प बसणाऱ्यांतला. त्याच्या जागी आपण काय केलं असतं, हे तू स्वतःला विचारलंस आणि उत्तर यायच्या आत झोपून गेलास.

मग वर्षं जातात. किती, ते मोजू नकोस. वेंगुर्लेकर तापानं गेला. त्याच्यानंतर तुझ्या भाषेत बोलायला जवळपास कोणी उरलं नाही. टापूवर सगळे हिंदुस्थानीत बोलतात: बंगाली, पंजाबी, मद्रासी, तूही. स्वप्नात अजून मालवणी येते, पण एक दिवस कुऱ्हाड पायावर पडली तेव्हा तोंडून ‘अरे बाप रे’ निघालं, ‘आवशीक खाव’ नाही. रात्री अंथरुणावर तुला एकदम ते जाणवलं.

बेडी निघाली आहे. चालताना अजून पाय फेंगडे पडतात. तुला आता बागेच्या टोळीत घातलंय, आणि आज होडीतून पोती उतरलीत. टोळीवरचा टिंडेल एक पोतं उपडं करतो. नारळ. कोंब फुटलेले, तपकिरी, एकावर एक घरंगळणारे. तू एक उचलतोस, कानाशी नेऊन हलवतोस. आत पाणी नाही, कोंबानं प्यायलंय. चांगलं रोप.

खड्डे आखलेले आहेत. तू तुझा खड्डा जरा आणखी खोल करतोस, गुडघ्याच्या वर. किनाऱ्यावरून पाटीभर रेती आणतोस, तळाला घालतोस. मग सैपाकाच्या छपराकडे जाऊन मूठभर मीठ मागतोस.

‘नमक काहे को?’ टिंडेल विचारतो. तो बिहारकडचा.

‘डालना पडता है.’

‘पेड़ को नमक?’

तू उत्तर देत नाहीस. मीठ टाकतोस, रेती टाकतोस, नारळ कोंब वर ठेवून जरा तिरका बसवतोस, मातीनं गळ्यापर्यंत बुजवतोस. आठ वर्षांनी धरेल. कदाचित सात. टाचेनं माती दाबताना घोट्यावरचा घट्टा दुखतो, म्हणून पाय बदलतोस. टेकडीवर हजेरी सुरू झालीय, आकडे एकामागून एक खाली येतायत, तुझा अजून दहा-बारा लांब आहे. तू उरलेलं मीठ बघतोस, चिमूटभर आहे, आणि ते शेजारच्या खड्ड्यात टाकतोस.